तिठ्यावरचा बॅनर ते व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस: कोकणातल्या डॉक्टरांनी जाहिरातीचे नियम कसे सांभाळावेत

गणपतीला चार दिवस होते. सकाळी दवाखान्याकडे येताना तिठ्यावर मला मीच दिसलो. दहा फुटी फ्लेक्स. डावीकडे गणपती, उजवीकडे मी, मध्ये 'समस्त चाकरमान्यांचे हार्दिक स्वागत' आणि माझ्या फोटोखाली 'रुग्णांचे आशास्थान'. लावला होता समोरच्या मेडिकलवाल्याने, निव्वळ प्रेमापोटी. मला विचारलं नव्हतं आणि माझा एक पैसाही लागला नव्हता.

"मग तुमचा काय संबंध?" असं घरी विचारलं गेलं. संबंध आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत स्वतः केलेली प्रसिद्धी आणि दुसऱ्याला करू दिलेली प्रसिद्धी यांत फारसा फरक केलेला नाही. कोकणात तर आपली जाहिरात आपण क्वचितच करतो. ती मेडिकलवाला करतो, क्रिकेट मंडळ करतं, बरा झालेला पेशंट करतो, गावच्या ग्रुपवर मुंबईचा कोणी तरी करतो. म्हणून इथल्या डॉक्टरला 'जाहिरात करू नका' एवढं सांगून भागत नाही. कुडाळ तालुक्यात बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करताना जे कळलं, काही चुकून कळलं, ते क्रमाने मांडतो.

१. आधी आपलं नाव कुठल्या रजिस्टरवर आहे ते पाहा

एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर असतात. त्यांना आजही लागू आहे ती २००२ सालची आचारसंहिता, म्हणजे तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने केलेली नियमावली. मधे २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी नियमावली काढली. तिच्यात सोशल मीडियावर स्वतंत्र प्रकरण होतं. पण तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगित झाली. यावरून दोन उलट गैरसमज पसरले. काही जण अजून ती लागू आहे असं धरून चालतात. काहींना वाटतं, सोशल मीडियाचे नियमच गेले, आता रान मोकळं. दोन्ही चूक. २००२ च्या नियमांत 'कुठल्याही मार्गाने' असे शब्द आहेत आणि त्यात इन्स्टाग्राम आपोआप येतं.

तरी ते स्थगित प्रकरण वाचून ठेवा. लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका, पेशंटचे फोटो-स्कॅन टाकू नका, बऱ्या झालेल्या पेशंटची प्रशस्ती आणि ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका, असं त्यात स्पष्ट होतं. वारा कुठल्या दिशेचा आहे ते त्यावरून समजतं.

दंतवैद्यांसाठी २०१४ ची स्वतंत्र आचारसंहिता आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीवाल्यांच्या परिषदा आणि नियम वेगळे. पुढे दिलेले नियमांचे क्रमांक (७.१३, ६.१.१ वगैरे) २००२ च्या नियमावलीतले आहेत. इतरांनी आपापली नियमावली शेजारी ठेवून वाचावं. पाचव्या मुद्द्यातला १९५४ चा कायदा मात्र कुणालाच सुटलेला नाही.

२. पाटी, लेटरहेड आणि मेडिकलवरचा बोर्ड

नियम ७.१३. पाटी अवाजवी मोठी नको. तिच्यावर नाव, विद्यापीठाची किंवा वैधानिक संस्थेची पदवी, विषय, रजिस्ट्रेशन नंबर आणि कौन्सिलचं नाव, एवढंच. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरही तेवढंच. पाटीवर किंवा लेटरहेडवर स्वतःचा फोटो ही स्वतःची जाहिरात धरली जाते. हृदयाचं किंवा दाताचं चित्र चालतं.

खरी अडचण येते 'तज्ज्ञ' या शब्दाशी. त्या शाखेची खास पदवी नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही (७.२०). तीन दिवसांच्या कोर्सवर 'मधुमेह तज्ज्ञ' लिहिलेल्या पाट्या आपल्या बाजारपेठांत किती आहेत, ते तुम्हीही पाहता.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. कोल्हापूरहून, गोव्याहून, मुंबईहून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येणारे डॉक्टर. बसतात मेडिकलच्या माडीवर आणि त्यांचा बोर्ड वर्षभर मेडिकलच्या शटरवर. मेडिकलच्या दुकानावर डॉक्टरची पाटी लावणं अयोग्य, असं नियमात सरळ लिहिलं आहे. जिथे आपण काम करत नाही तिथेही पाटी नको. माडीवर खरोखर तपासत असाल तर त्या खोलीच्या दारावर साधी पाटी लावा, वार आणि वेळ घालून. शटर मोकळं सोडा.

३. पेपरात काय छापता येतं

सात प्रसंगी डॉक्टरला वर्तमानपत्रात रीतसर सूचना देता येते: प्रॅक्टिस सुरू करताना, प्रॅक्टिसचा प्रकार बदलताना, पत्ता बदलताना, काही दिवस बाहेर असताना, परत रुजू होताना, दुसऱ्याची प्रॅक्टिस हाती घेताना आणि फी जाहीर करताना. शिमग्याला गावी जाणार असाल तर खालची सूचना बिनधास्त द्या:

'डॉ. अमुक यांचा दवाखाना (अमुक रस्ता) दि. — ते दि. — बंद राहील. दि. — पासून नेहमीच्या वेळेत सुरू.'

बस. 'आपल्या सेवेशी सदैव तत्पर' ही ओळ आली की सूचनेची जाहिरात व्हायला लागते. नियमात शब्द वर्तमानपत्राचा आहे, पण हाच मजकूर स्टेटसवर किंवा दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला हरकत दिसत नाही. मी टाकतो.

हॉस्पिटल, प्रसूतिगृह चालवत असाल तर ७.१२ थोडी सवलत देतं. संस्थेची जाहिरात करता येते, पण तिच्यात संस्थेचं नाव, कोणते रुग्ण दाखल होतात, कोणत्या सोयी, प्रशिक्षण आणि फी, यापलीकडे काही नको. 'सोनोग्राफी, डायलिसिस, चोवीस तास प्रसूती' हे बसतं. 'जिल्ह्यातील एकमेव, नामांकित, अत्यल्प दरात' हे बसत नाही. आणि हॉस्पिटलच्या पेजवर डॉक्टर स्लो मोशनमध्ये कॉरिडॉरमधून चालत येतो, मागे ढोल-ताशा, ती जाहिरात संस्थेची उरत नाही. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पेशंट ओढणं संस्थेलाही मना आहे.

बॅनर कुणाचाही असो, ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीची परवानगी नसेल तर मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा राज्याचा कायदा वेगळा लागतो.

४. पेशंटचा फोटो, एक्स-रे, व्हिडिओ

इथे मी स्वतः चुकलो आहे, म्हणून थोडं थांबतो.

काही वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या मुलाने रुपयाचं नाणं गिळलं. एक्स-रेमध्ये नाणं असं लख्ख दिसत होतं की मला राहवलं नाही. नाव कापलं, कोपऱ्यातली तारीख राहिली, वर लिहिलं 'पालकांनी काळजी घ्यावी', आणि स्टेटसला टाकलं. हेतू चांगलाच होता. अर्ध्या तासात पहिला मेसेज: "डॉक्टर, तो अमक्याचोच झील मां?" संध्याकाळपर्यंत अजून तिघांनी बरोबर घर ओळखलं. त्या दिवशी त्या वाडीतून कुडाळला एकच रिक्षा रडत्या पोराला घेऊन आली होती, ती सगळ्या स्टँडने पाहिली होती. दुसऱ्या दिवशी मुलाची आई आली, भांडली नाही, फक्त म्हणाली, "माका सासू बोलता, पोराकडे लक्ष नाय म्हणान."

२००२ चा नियम (७.१७) म्हणतो, ओळख पटेल अशा रीतीने फोटो किंवा केस छापायची तर पेशंटची परवानगी हवी. मुंबईत चेहरा झाकला, नाव पुसलं की ओळख बहुधा झाकली जाते. आमच्याकडे झाकत नाही. वाडी, वार आणि आजार एवढ्यावर माणूस ओळखतात. हातावरचं गोंदण, नऊवारीचा काठ, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, 'मच्छीमार बांधवाच्या पायात गळ' एवढं एक वाक्य, पुरे होतं. म्हणून माझी कसोटी अशी: पोस्ट त्या पेशंटच्या शेजाऱ्याने पाहिली तर त्याला कळेल का? कळणार असेल, किंवा कळणार नाही अशी खात्री नसेल, तर ओळख उघड होते असं धरा आणि लेखी परवानगी घ्या.

परवानगी कशी घ्यायची हेही महत्त्वाचं. दाखल करताना ज्या दहा कागदांवर सह्या घेतल्या त्यांतच एक ओळ घुसडली, ती माझ्या मते परवानगी नव्हे. टाके निघाल्यावर, पेशंट उपकाराच्या ओझ्याखाली नसताना, तयार पोस्ट त्याच्यासमोर मोबाइलवर धरा आणि मराठीत विचारा. कागदावर असा मजकूर पुरतो:

'माझा वरील फोटो / तपासणीचे चित्र डॉ. — हे — या ठिकाणी (फेसबुक / इन्स्टाग्राम / अन्य) लोकशिक्षणासाठी टाकणार आहेत. पोस्ट मी पाहिली आहे. नकार दिला तरी माझ्या उपचारात फरक पडणार नाही, हे मला सांगितले आहे. मी केव्हाही सांगितल्यास पोस्ट काढली जाईल, परंतु तोवर इतरांनी पुढे पाठवलेली प्रत काढता येणार नाही, हेही मला समजले आहे.'

शेवटचं वाक्य वाचल्यावर निम्मे पेशंट नको म्हणतात. म्हणजे वाक्य नीट लिहिलं गेलंय. लहान मुलाच्या बाबतीत पालकांची सही चालते, पण मी मुलांचे फोटो आता टाकतच नाही. मूल मोठं होतं आणि पोस्ट तशीच राहते.

परवानगी मिळाली तरी केस फुशारकीने मांडायची नाही. शस्त्रक्रिया, बरे केलेले रुग्ण यांची बढाई मारणं आणि तशी माहिती छापू देणं, दोन्ही ६.१.१ मध्ये निषिद्ध आहेत. 'हजार यशस्वी शस्त्रक्रिया पूर्ण' हा केक कापतानाचा फोटो थेट तिथे जाऊन बसतो.

काही ठिकाणी साध्या सावधगिरीने भागत नाही, वेगळे कायदे आहेत. एचआयव्हीची माहिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याची बंधनं आहेत. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीविना माध्यमांना देता येत नाही, तो कायदाही २०१७ चा. गर्भपाताची गोपनीयता, लैंगिक अत्याचारातल्या मुलांची आणि स्त्रियांची ओळख, इथे चूक झाली तर मामला कौन्सिलपुरता राहत नाही. सोनोग्राफी करणाऱ्यांनी 'मुलगा की मुलगी, ओळखा पाहू' असली गमतीची रीलही करू नये. गर्भलिंग निदानाची कोणत्याही स्वरूपातली जाहिरात, इंटरनेटवरचीसुद्धा, गर्भलिंग निदानविरोधी (पीसीपीएनडीटी) कायद्याच्या कलम २२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंडाची आहे.

महामार्गावर अपघात झाला की जखमींचे व्हिडिओ ग्रुपवर फिरायला लागतात. त्यांतला एखादा कॅज्युअल्टीच्या आतून काढलेला असतो. वॉर्डबॉय, ब्रदर, कंपाउंडर यांनाही हे नियम समजावून सांगा आणि ड्रेसिंग रूममध्ये मोबाइल खिशातच ठेवायला सांगा. डॉक्टरांचा बंद ग्रुप हीसुद्धा बंद खोली नव्हे. मत विचारायला एक्स-रे टाकायचा तर नाव, तारीख, गाव कापूनच.

५. 'हमखास', 'मुळासकट', 'विनाऑपरेशन'

१९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, हृदयविकार, रक्तदाब, लठ्ठपणा, मुतखडा, पांढरे डाग, अर्धांगवायू असे बरेच ओळखीचे त्यात आहेत. या आजारांचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करणारं औषध म्हणून जाहिरात करता येत नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याची आणि पाळीच्या तक्रारींची औषधंही त्याच कलमात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

एसटीच्या मागे आणि रेल्वे फाटकाशेजारी 'मुतखडा हमखास पडेल' वाचत आपण मोठे झालो, म्हणून ते कायदेशीर आहे असं वाटतं. नाही.

कंपनीच्या प्रॉडक्टसोबत रील करण्याचं आमंत्रण आता तालुक्याच्या डॉक्टरलाही येतं. प्रोटीन पावडर, केसांचं तेल, शुगर तपासायचं यंत्र. ६.१.१ आणि २००९ साली जोडलेला ६.८ पाहा. आपल्या नावाने, सहीने किंवा फोटोने औषधाची, उपकरणाची शिफारस करता येत नाही. दिशाभूल ठरली तर ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत.

६. दुसऱ्यांनी केलेली स्तुती

हा कोकणातला सगळ्यात नाजूक भाग, कारण इथे नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडणं. क्रिकेट मंडळाच्या टी-शर्टवर नाव, दशावतारी नाटकाच्या पत्रिकेत 'सौजन्य', शाळेच्या स्नेहसंमेलनात सत्कार. देणगी द्या, जरूर द्या, पावती कुटुंबाच्या नावाने घ्या आणि 'डॉक्टर' हा शब्द, दवाखान्याचा पत्ता, फोन छापू नका म्हणून सांगा. मी सरळ सांगतो, "माझं रजिस्ट्रेशन अडचणीत येईल." एवढं कळल्यावर कुणी आग्रह करत नाही. उलट, कौन्सिलचा धाक ही नाही म्हणायची मोठी सोय आहे.

यूट्यूब न्यूज चॅनेलची 'खास मुलाखत' येते तेव्हा आधी पैशांचं विचारा. मुलाखतीचे पैसे तुम्ही द्यायचे असतील तर ती मुलाखत नव्हेच.

आता गूगलवरचे अभिप्राय. 'पाच स्टार द्या, ड्रेसिंग फुकट' असलं काही करू नका, हे सांगायला नको. अडचण एक स्टारवाल्याची. 'डॉक्टरांनी माझ्या बाबांना चुकीचं इंजेक्शन दिलं', आणि आपल्याला सगळी हकिगत पाठ असते. लिहावंसं वाटतं की बाबा दारू पिऊन आले होते. लिहू नका. उत्तर देताना 'ते आमचे पेशंट होते' एवढं मान्य करणंसुद्धा गोपनीयतेच्या काठावर जातं. मी एवढंच लिहितो:

'आपला अभिप्राय वाचला. रुग्णांविषयी येथे काही लिहिता येत नाही. कृपया दवाखान्याच्या वेळेत प्रत्यक्ष भेटावे, आपले म्हणणे नीट ऐकून घेतले जाईल.'

निम्मे येतात. आले की चहा सांगायचा.

७. मग लिहायचं काय?

पुष्कळ. ७.११ नुसार सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छ राहणीवर स्वतःच्या नावाने लिहिणं, व्याख्यान देणं, रेडिओ-टीव्ही-इंटरनेटवर बोलणं याला मोकळीक आहे. अट एकच, त्याचा परिणाम पेशंट ओढण्यात होऊ नये.

आपल्याकडे विषयांची ददात नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तापाबद्दल सांगा: पायाला जखम असेल तर झाकून उतरा, ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका. फुरसं (विषारी साप) चावलं तर करकचून दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका, प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जा, १०८ ला फोन करा. दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून माकडताप माहीत झाला आहे, तिथे मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा, एवढं सांगितलं तरी उपयोग होतो. काजू बियांच्या तेलाने भाजणं, मे महिन्यात समुद्रात बुडणारी पाहुण्यांची मुलं... औषधाचं नाव आणि डोस मात्र पोस्टमध्ये देऊ नका. लोक स्क्रीनशॉट घेऊन मेडिकलमध्ये उभे राहतात.

सुरुवातीला नाव आणि पदवी सांगा. आरोग्यविषयक माहिती देणाऱ्या प्रमाणित व्यावसायिकांनी तसं सांगावं, असं केंद्राच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनांत आहेच. शेवटी 'अधिक माहितीसाठी आमच्या क्लिनिकला भेट द्या' ही ओळ आणि फोन नंबर काढून टाका. त्याऐवजी 'जवळच्या डॉक्टरांना दाखवा' म्हणा.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचवाच्या दंशावरच्या कामामुळे जगभर माहीत झाले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ते काम शोधनिबंधांतून लोकांपुढे गेलं. कोकणातल्या तालुक्याच्या गावातून नाव होऊ शकतं, त्याला रस्त्यावरचा बोर्ड लागत नाही.

८. रात्री अकराचा मेसेज

'डॉक्टर, वळखलात? मी वरच्या वाडीतला, आता डोंबिवलीक असतंय. ह्या अंगार काय उठलां बघा', सोबत अंधुक फोटो.

सार्वजनिक कमेंटमध्ये कुणी विचारलं तर निदान नाही, औषध नाही. 'प्रत्यक्ष दाखवा' एवढंच. खासगी व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सल्ला देता येतो, तो टेलिमेडिसिनच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार: पेशंटची ओळख आणि वय खात्री करून घ्या, अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस हवं, बोलणं आणि फोटो नोंद म्हणून जपा, आणि औषध दिलंत तर रजिस्ट्रेशन नंबरसह प्रिस्क्रिप्शन पाठवा. नार्कोटिक (अमली) आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं अशी लिहायचीच नाहीत. फोटोवरून कळत नसेल तर कळत नाही म्हणा. सूचनांप्रमाणे रजिस्ट्रेशन नंबर व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, वेबसाइट, पावती, सगळीकडे दिसायला हवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या प्रोफाइलमध्ये तो आजच घाला, दोन मिनिटांचं काम आहे. 'घरबसल्या ऑनलाइन सल्ला, पहिला मोफत' अशी जाहिरात टेलिमेडिसिनसाठीही चालत नाही.

९. नोटीस आलीच तर

पोस्ट आधी तारखेसह जपून ठेवा, मग काढा. नुसती उडवली तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. परवानगीचा कागद शोधा. बॅनर दुसऱ्याने लावला असेल तर तुम्ही तो काढायला सांगितलेला मेसेज हा तुमचा सगळ्यात मोठा आधार, म्हणून तोंडी सांगितलं तरी एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावी. उत्तर मुदतीत आणि लेखी द्या, वकिलाला दाखवून. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लागावा असा नियम आहे. समज देण्यापासून रजिस्टरवरून काही काळ किंवा कायमचं नाव काढण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि राज्य कौन्सिलच्या निर्णयावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाकडे अपील करता येतं.

तिठ्यावरच्या फ्लेक्सचं म्हणाल तर मी त्याच सकाळी मेडिकलवाल्याकडे गेलो. रागावला नाही, पण चेहरा पडला. फ्लेक्सला बाराशे रुपये गेले होते. दुपारी नवा लागला, फक्त गणपतीचा. जुना त्याने पावसात लाकडांवर घातला. चेहरा आतल्या बाजूला केलाय ना, हे मी मुद्दाम जाऊन पाहून आलो.